सोमारीने निवडलेला बर्नर

पेनठाण्यावर कुणी बूट घालून चढेल, हे सोमारी आत्रामच्या डोक्यातही आलं नव्हतं. पेनठाणा म्हणजे गोंडांच्या देवांची जागा. गावातलं जे जपायचं ते तिथेच ठेवायचं, ही त्यांच्या गावची रीत; बियाणं असो की ग्रामसभेचे कागद. ना कुलूप, ना राखण. म्हणून वाळूघाटावर तिने लावलेल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या तिन्ही प्रती, तीन हार्डडिस्क, तिने तिथल्याच टोपलीत ठेवल्या. चूक झाली ती इथेच. देवाला भिणारेच लोक तिने आयुष्यभर पाहिले होते.

वाळू ठेकेदाराचा मुकादम डोमा भरदुपारी सात माणसं घेऊन आला. गावातले म्हातारे झाडूभाऊ आडवे आले, तर त्यांच्या खांद्यावर सब्बल, लोखंडी पहार, घातली. हाड मोडलेलं अंगणभर ऐकू आलं. मग तिन्ही डिस्क देवाच्याच दगडावर ठेवून घनाने ठेचल्या.

"दाखव आता पिक्चर," डोमा सोमारीकडे बघून हसला.

पिक्चर गावातल्या पोचूचा होता. ग्रामसभेने घाट बंद केला, तरी ट्रॅक्टर आला, आणि पोचू त्याच्यापुढे उभा राहिला. चाक त्याच्यावरून गेलं. मग मागे आलं. मग पुन्हा गेलं. कागदावर त्याला अपघात म्हणतात! त्याच्या बायकोने, रीनाने, डोमावर खुनाची तक्रार केली, तर तो तात्पुरता जामीन घेऊन त्याच रस्त्याने मोटरसायकल फिरवत होता. सोमवारी त्या जामिनावर तारीख होती.

डोमाला एक ठाऊक नव्हतं. चौथी प्रत सोमारीच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप रीनाच्या घरी, तांदळाच्या कोठीमागे.

सोमारी दहावी नापास. लग्नांचं शूटिंग करता करता कॅमेरा शिकली, संगणक शिकली; कुणी शिकवलं नाही, उलट हसले. आता वकील रुपालीताईंनी तिला बजावलं होतं, "नऊ दिवसांचं सलग रेकॉर्डिंग हवं, एकाच डिस्कवर, पुसता न येणाऱ्या. वीस डीव्हीडींत तुकडे केलेत तर समोरचा वकील म्हणेल, जोडाजोड केली." रेकॉर्डिंग भरलं त्र्याण्णव जीबी. म्हणजे शंभर जीबीची डिस्क, आणि ती लिहू शकेल असा बर्नर.

शुक्रवारी ती एकटीच एसटीने चंद्रपूरला गेली. लॅपटॉप नेला नाही. गावच्या स्टँडवर डोमाची माणसं पिशव्या चाचपत. दुकानदार धनराजने तिची मळकी पिशवी पाहिली आणि विचारलं, "बाई, डिस्क कोन वापरते आता? पेनड्राइव्ह घेऊन जा ना."

"एका साहेबाले देल्ला होता. कोरा होऊन वापस आला. मले पुसता न येनारं पाहिजे."

त्याने एक खोका सरकवला. "हे घ्या. ब्लू-रे."

सोमारीने खोका उलटवून बारीक अक्षरं वाचली. "हे ब्लू-रे वाचते. लिहिते निस्ती डीव्हीडी. जंगलातली बाई पाहून चिकटवून राह्यला काय?"

दुसरा पन्नास जीबीपर्यंतच लिहायचा. "खोक्यावर बीडीएक्सएल लिहिलेलं दाखव. त्याच्याशिवाय शंभराची डिस्क होत नाई."

धनराज आता जरा सरळ बसला. तसे दोनच निघाले. "मोठा घ्या, बाई. फास्ट आहे."

"त्याले अडाप्टर लागते. आमच्या इथी लाइन दिवसातून चारदा जाते. लिहिता लिहिता गेली का डिस्क कचऱ्यात. बारका लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते. हळू चालू दे. तोच दे, आन् एकदाच लिहिता येते त्या दोन डिस्का."

शनिवारी सकाळी रीनाच्या घरात पहिली डिस्क फिरू लागली. येताना स्टँडवर कुणीतरी खोका पाहिला होता आणि डोमाला कळवलं होतं. पडद्यावर एकाहत्तर टक्के झाले आणि बाहेर मोटरसायकली थांबल्या.

डोमाच्या माणसाने आधी विजेची तार तोडली. पंखा थांबला, डिस्क फिरत राहिली. सोमारी कुऱ्हाड घेऊन दारात उभी राहिली.

"हट, नाईतर पोचूपाशी पाठवतो," डोमा म्हणाला.

"ये ना! तुह्याच पायानं ये!"

त्याची सळई तिच्या डाव्या हातावर बसली. हात कोपराखाली वाकडा लोंबला. उजव्या हाताने तिने कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, डोमाच्या गुडघ्यावर घातला. तो जनावरासारखा ओरडत चिखलात पडला. खिडकीतून दगड येत होते. धक्का लागला की डिस्क वाया, म्हणून रीना लॅपटॉपवर ओणवी झाली होती, आणि तिची पाठ फुटत होती. तोवर शेजारच्या बाया मुसळं घेऊन धावल्या. एकाचा दात पडला, एकाचं डोकं फुटलं. डोमाला त्याच्याच माणसांनी फरफटत नेलं.

रीना हलली नाही. लिहून झालं, पडताळून झालं, तेव्हा तिने डिस्क काढून पदरात घेतली. पदर पाठीकडून लाल झाला होता.

सोमवारी कोर्टात पडदा लागला. डोमा कुबडी घेऊन बसला होता. ट्रॅक्टर दिसला तेव्हा न्यायाधीश रीनाला म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"नाई साहेब. मी पाहीन. चाक मांगं येते तिथी थांबवा. बाजूले हात हालवून 'मांगं घे' म्हनते, तो कोन हाय, सगळ्यायले पाहू द्या."

थांबवलं. डोमाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. डोमाच्या वकिलाने जोडाजोडीचा मुद्दा काढला, तर रुपालीताईंनी नऊ दिवसांचे सलग तास पुढे ठेवले. जामीन गेला. पोलीस डोमाला दंडाला धरून बाहेर नेत होते, तेव्हा रीना पहिल्यांदा खाली बसली.

संध्याकाळी गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सोमारीच्या हाताला बांधलेल्या बांबूच्या कांबी सोडल्या आणि ते ओरडले, "दोन दिवस! दोन दिवस कुठं होत्या तुम्ही?"

"काम होतं," सोमारी म्हणाली.