मोहरी, जिरं आणि पुशरॉड

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये बॅगा अर्ध्या भरून पडल्या होत्या. आमच्या ह्यांची इंजिनांवरची पीएचडी झाली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती आणि नोकरीचा पत्ता नव्हता. मला परत जायचं नव्हतं. मी नुकतीच गाडी चालवायला शिकले होते, लायब्ररीत काम मिळालं होतं. सासरी परतल्यावर यातलं काही उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शेवटचा इंटरव्ह्यू होता स्टॉक कारच्या शर्यतींसाठी इंजिनं बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. हे परत आले ते फुगूनच.

"अगं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जगात सगळीकडे वर गेला, डायरेक्ट व्हॉल्व्हच्या डोक्यावर. हे लोक अजून तो खाली ठेवतात आणि पुशरॉडने, म्हणजे लांब दांड्याने, व्हॉल्व्ह ढकलतात! मी म्हटलं, डिझाइन चेंज करा. मालक म्हणाला, शर्यतीच्या रूल्समध्ये पुशरॉडच चालतो. पटलं तर उद्या फोन कर."

"मग?"

"रूलला काही लॉजिक नको? मी नाही फोन करणार."

त्या दिवशी एकादशी होती. इंजिनांच्या बाबतीत एवढे पुढारलेले आमचे हे उपासाच्या बाबतीत मात्र आजेसासूबाईंच्या वरताण. मी खिचडी वाढली, तर चमच्याने उकरून बघायला लागले.

"फोडणीत मोहरी नाही ना घातलीस? उपासाला चालत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जिरं चालतं, मोहरी चालत नाही. साता समुद्रापलीकडून आलेला बटाटा चालतो, घरचा भात चालत नाही. सांगा लॉजिक!"

"अगं, नियम आहे तो."

हे बोलून गेले आणि चमचा तसाच ह्यांच्या हातात राहिला.

"आणि तेवढ्या नियमात तुम्ही एकादशी दुप्पट खाशी करता," मी म्हटलं. "जे चालतं त्यातूनच आम्ही खिचडी करतो, थालीपीठ करतो, रताळ्याचा कीस करतो. चालत नाही त्याचं रडगाणं गात बसत नाही."

ह्यांनी खिचडी परत मागून घेतली.

सकाळी त्यांनी फोन केला. मी सिंकपाशी उभी राहून ऐकत होते. नळही सोडला नव्हता.

"सोमवारपासून ये म्हणाले."

मी तिथल्याच बॅगेवर बसले आणि रडले. ह्यांना अशा वेळी काय करावं ते कधीच सुचलं नाही. हे दुसऱ्या बॅगेतल्या माझ्या साड्या काढून, चुरगळत का होईना, कपाटात लावू लागले. तिथूनच म्हणाले, "अगं, आज द्वादशी. फोडणीत मोहरी घाल भरपूर."