फुलचुकीसाठी राखलेली जाळी

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धुतलेली वाकळ परसातल्या तारेवर वाळत टाकणं. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती म्हणाली, "अलीकडं सरका. तिकडं तिचं घर बांधणं चालू हाय."

ती म्हणजे फुलचुकी. अंगठ्याएवढं पाखरू, चोच सुईवानी. तारेच्या टोकाला तिनं घरटं लोंबवलं होतं. बायकोनं तिच्यासाठीच जास्वंद लावली होती, भांड्याचं पाणी घालून जगवली होती. अन् परसातल्या पत्र्याखालची जाळी ती कधी झाडू द्यायची न्हाई. कोळ्याच्या जाळ्यानंच फुलचुकी घरटं बांधती, हे तिनं बघून ठेवलं होतं.

त्याच दुपारी छातीत कळ आली म्हणून ती टेकली, ती पुन्हा उठली न्हाई.

सुतक फिटायच्या दिवशी घर धुवून काढायचा रिवाज हाय. धुवा की. पण माझ्या धाकट्या बहिणीनं पत्र्याखालचं सगळं जाळं ओढलं, अन् केरसुणीच्या एका फटक्यात घरटंही पाडलं. दार तेवढं व्हायचं राहिलं होतं त्याचं. वरतून भेटायला आलेल्या बायांना सांगून राहिली, वहिनी अशी घाण ठेवणारी नव्हती, शेवटी तिच्यानं होत नसंल.

माझं डोकंच फिरलं. जिनं उभा जन्म शेणसडा चुकवला न्हाई, तिला मेल्यावर गबाळी ठरवता काहून? मी चार बायांदेखत म्हणालो, "तिच्यानं होत होतं. तिनं ठेवलं होतं." बहीण रडायला लागली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला दुःखानं सुचून न्हाई राहिलं. मला सगळं सुचत होतं.

फुलचुकी चोचीत कापूस धरून आली. तारेवर इकडून तिकडं झाली अन् गेली.

संध्याकाळी पोरगं समजूत काढायला बसलं. मोबाईलवर लाल बाटली दाखवली. साखरपाणी भरून टांगायची, म्हणे पाखरं आपोआप येतात.

"फुलं मेली का?" मी म्हणालो. "तुझ्या मायची जास्वंद उभी हाय. तिला प्यायला कमी न्हाई, बांधायला कमी हाय."

त्यानं मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी तुरीची एक काडी उचलली अन् शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलो. आढ्याखालून काडी फिरवत फिरवत कापसाच्या पेळूएवढं जाळं गुंडाळलं. घरी येऊन ती काडी तारेजवळच्या जास्वंदीला बांधली. बहीण केरसुणी घेऊन दारात उभी होती. मी तिच्या हातातली केरसुणी घेतली अन् आत नेऊन ठेवली.