ओमाहा अर्ध्या गुणाने पहिलं

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात जुना कागद कोणी फेकत नसे. उद्या लागेल म्हणून तो खणात जायचा आणि तो खण बंद होईना झाला की शेजारच्या खणात. किस्स्यांचंही तसंच झालं. एकावर एक पडत गेले, तारीख कोणी टाकली नाही. पुढे कितीतरी वर्षं लग्नामुंजीत भेटलो की मी ते सांगायचो आणि मंडळी पोट धरून हसायची. हल्ली सांगता सांगता मध्येच थांबतो. मलाच ते पूर्वीइतके विनोदी वाटत नाहीत.

कारखाना मुलुंडला, आग्रा रोडवर. साल चौऱ्याऐंशीच्या आसपासचं. अण्णा आमचे मुख्य ड्राफ्ट्समन. त्यांच्या लाल पेन्सिलीतून देवसुद्धा सुटला नसता. राणे भांडुपचा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. शिरोडकरबाई ट्रेसिंग करायच्या, घाटकोपरहून यायच्या. मग मी. आणि जयंत कर्णिक, आमच्यातला एकुलता एक इंजिनियर. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं, मुलुंड पूर्वेला आईवडिलांपाशी राहायचा. तो माझा सगळ्यात जवळचा मित्र.

*

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत जयंतने डब्याशेजारी एक एअरमेलचं पाकीट ठेवलं. अमेरिकेतल्या त्याच्या भावोजींनी तीन ठिकाणी शब्द टाकला होता. तिन्हीकडे नोकरी मिळण्यासारखी होती. शहरं होती ओमाहा, टल्सा आणि डेटन. आमच्यापैकी कोणी एकाचंही नाव ऐकलेलं नव्हतं. कुठलं हवं ते दिवाळीच्या आत कळवायचं होतं.

"जाऊ की नको, हेच अजून ठरलेलं नाही यार," जयंत म्हणाला.

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. उचललं कोणीच नाही. अण्णा हात पुसत म्हणाले, "तक्ता करू."

आमच्याकडे तोंडी काही ठरत नसे. एकाने ड्रॉइंग काढायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने मंजूर करायचं. कोपऱ्यातल्या चौकटीत तीन सह्या पडल्या की मगच कागद खाली कारखान्यात जायचा. त्याच संध्याकाळी मी ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. शीर्षक: तीन अमेरिकन शहरे, राहणीमान व करमणूक. प्रमाण: नाही. 'काढले'पुढे माझी सही, 'तपासले'पुढे अण्णांची. 'मंजूर'ची चौकट जयंतसाठी रिकामी.

*

पहिला रकाना राण्याने मागितला. त्याला बाकी कशात रस नव्हता.

"थंय मासे गावतत काय?"

मी नकाशा पुढे केला. तिन्ही शहरांपासून समुद्र इतका लांब, की राण्याला गलबलून आलं. जयंत म्हणाला, अरे, नद्या आहेत ना तिन्हीकडे, नदीत मासे असतात.

"नदीचो मासो तो मासो न्हय," राणे म्हणाला आणि तिन्ही शहरांना शून्य देऊन डबा बंद करून उठला. अण्णांनी ते शून्य तपासलं आणि बरोबरची खूण केली!

*

शिरोडकरबाईंचा रकाना पाण्याचा. मी वाचून सांगितलं, तिन्हीकडे चोवीस तास, गरम आणि गार, वरच्या मजल्यावरसुद्धा. बाईंच्या बिल्डिंगमध्ये पहाटे साडेचारला पाणी यायचं आणि साडेपाचला जायचं. इमारतीतल्या बायकांच्या ओळखी, भांडणं, सोयरिकी, सगळं त्याच तासात व्हायचं. बाईंनी विचारलं,

"मग तिकडच्या बायका एकमेकींशी बोलतात कधी?"

याचं उत्तर आमच्या पुस्तकात नव्हतं. तिन्ही शहरांना पूर्ण गुण दिले.

*

पुस्तक म्हणजे चर्चगेटच्या बाजूच्या एका लायब्ररीतलं. दर शनिवारी अर्धा दिवस भरला की मी तिकडे जायचो. बागा किती, वाद्यवृंद आहे का, बर्फ केव्हा पडतो, गाडी लावायला जागा मिळते का, सगळं वहीत उतरवून घ्यायचो. सोमवारी नवी माहिती आली की तक्त्याची नवी आवृत्ती. पाहता पाहता पाच आवृत्त्या झाल्या. ओमाहाचं प्राणिसंग्रहालय मला पाठ झालं होतं. त्या वाचनालयात गार हवेत बसून मी स्वतःच त्या रस्त्यांवरून हिंडत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला पाकीट पाठवणारं कोणी नव्हतं.

*

जूनच्या सुरुवातीला एका मशीनबरोबर एक अमेरिकन इंजिनियर आला, आणि तो निघाला डेटनजवळचा! अण्णांनी त्याला चहावर बोलावून सरळ विचारलं, तुम्ही करमणूक काय करता?

तो भला माणूस खरंच विचारात पडला. मग म्हणाला, घरापुढे मोठं हिरवळीचं अंगण आहे, शनिवारी मी गवत कापतो.

राण्याने 'करमणूक' खाली 'गवत कापणे' लिहिलं. अण्णांची लाल पेन्सिल आडवी आली. त्यांच्या मते ते काम होतं. वाद साडेपाचच्या भोंग्यापर्यंत चालला आणि डेटनला त्याबद्दल अर्धा गुण मिळाला.

तेवढ्यात रस्त्यावरून एक वरात निघाली. बँड, बत्त्या, घोडा, घोड्यावर घामाघूम नवरदेव. साहेब खिडकीशी जाऊन उभा राहिला तो वरात दिसेनाशी होईपर्यंत. वळून त्याने विचारलं, "पुढची किती वाजता आहे?"

आम्ही खूप हसलो. जयंत हसला नाही. तो साहेबाशेजारी खिडकीत तसाच उभा होता.

*

दिवाळीला पंधरा दिवस राहिले तेव्हा निकाल लागला. ओमाहा अर्ध्या गुणाने पहिलं. प्राणिसंग्रहालयाने बाजी मारली होती.

"मला प्राणी आवडतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?" जयंतने विचारलं.

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी मला नवी सूटकेस दाखवली, तिची दोन्ही कुलपं उघडून, लावून दाखवली. म्हणाले, आम्हाला यातलं काय कळतं, पण तुम्ही ऑफिसच्या मंडळींनी एवढा अभ्यास केलाय म्हणजे ओमाहाच बरोबर. जयंतची आई आतून चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता कप ठेवून गेली. तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच ठाऊक. तरी सोमवारी ऑफिसात मी फक्त सूटकेसचा किस्सा सांगितला.

*

तक्त्याची शेवटची प्रत निघाली. मंजुरीसाठी मी ती जयंतच्या बोर्डावर पसरली. त्याने ती रकान्यारकान्याने वाचली. मग उजव्या कडेच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथे एक मुलुंडचा रकाना टाकूया ना."

"जे निवडायचंच नाही, त्याचा रकाना कशाला?" अण्णा म्हणाले.

राण्याने विचारलं, करमणुकीत काय लिहिणार, कचरा डेपोचा वास? आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. जयंत माझ्याकडे पाहत होता. 'नको जाऊस रे' एवढं म्हणायला मला काही पैसे पडत नव्हते. मी म्हटलं नाही. आमच्यातला एकजण तरी तिथे पोचावा असं मला वाटत होतं, आणि ते त्याच्या भल्यासाठी मुळीच नव्हतं. आज एवढ्या वर्षांनीही ते हसू आठवलं की मला माझीच लाज वाटते.

जयंतने पेन उघडलं आणि 'मंजूर'च्या चौकटीत सही केली.

*

पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, ऑफिसच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते मोठ्याने वाचलं.

तब्येत बरी आहे, नोकरी चांगली आहे, असं पहिल्या दोन ओळींत होतं. मग लिहिलं होतं, 'तुमचा तक्ता अगदी बरोबर आहे. एकही चूक सापडली नाही, अण्णांना सांगा. प्राणिसंग्रहालय पाहिलं. नदीकाठ पाहिला. बागा पाहिल्या. वाद्यवृंदाला एकदा जाऊन आलो. दर रविवारी एक, असं करत तक्त्यातलं सगळं बघून संपलं. पुढच्या रविवारी काय करू ते कळवा.'

 शिरोडकरबाईंनी डबा तसाच बंद केला.

"घराक ये म्हणान लिव त्येका," राणे म्हणाला.

अण्णा म्हणाले, असं कसं लिहायचं, त्याच्या वडिलांना काय वाटेल. मग ते माझ्याकडे बघायला लागले.

शनिवारी मी लायब्ररीत गेलो. ओमाहाच्या आसपासची आणखी तीन ठिकाणं सापडली. ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. सोमवारी अण्णांनी तपासली, आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते पाकीट पोस्टात टाकलं.