‘मी’ म्हणेल तिने टोप घासायचा

“पोर गुणाची हाय गो, पन घरात हाय का नाय तेच कळत नाय.”

हे माझ्याबद्दल होतं. बोलल्या त्या पुष्पाकाकी, माझ्या चुलत सासूबाई. मागच्या मोरीवर त्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत होत्या आणि भिंतीच्या अलीकडे मी तांदूळ निवडत होते. काकींचं वाईट वाटलं नाही. शेणव्याला माहेरीही शेजारपाजारचे असंच म्हणायचे. वाईट याचं वाटलं, की आई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. ‘हाय ना’ एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी माझं भागलं असतं.

बोलक्या माणसाकडे किस्से टिकत नाहीत, सांगून संपतात. न बोलणारीकडे ते नुसते साचत जातात. लग्नाला वर्ष व्हायचंय, तरी एका वर्षावासाचा माझ्याकडे एवढा साठा झालाय.

टोकावड्याच्या अलीकडे आमची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला विहार. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी तिथे वंदना आणि ग्रंथवाचन असतं. वाचतात कंडक्टरबाबा. एसटीतून रिटायर होऊन जमाना झाला, पण प्रकरण संपलं की अजूनही म्हणतात, “चला, उतरा.”

* * *

अनात्माचं प्रकरण आलं तेव्हा बाबांनी वाचून दाखवलं, पण बायकांचे चेहरे कोरेच. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या विषयावर आले.

“मुरबाड-टोकावडा गाडी घ्या. टायर म्हंजे गाडी का?”

“नाय.”

“इंजिन म्हंजे गाडी का? सीट? घंटीची दोरी?”

सगळ्यांचं ‘नाय’. बाबा खुशीत आले. सगळे भाग एकत्र आले म्हणून आपण गाडी म्हणतो, तसंच सगळं जुळून आलं म्हणून ‘मी’ म्हणतो, आत वेगळा ‘मी’ बसलेला नाही, असं त्यांना आता सांगायचं होतं. त्यासाठी शेवटचा प्रश्न टाकला, “मंग सांगा, गाडी हाय कुठं?”

चंद्रामावशी मागून म्हणाली, “घाटात बंद पडली आसंल.”

त्या दिवशी प्रकरण तिथेच उतरलं.

* * *

चंद्रामावशी आमच्या शेजारची. टिंगल करते, पण ऐकलेलं सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच नियम काढला. ‘मी’ नाही, ‘माझं’ नाही, तर ते तोंडातही यायला नको. वर्षावास संपेपर्यंत विहारात जी कोणी ‘मी’ किंवा ‘माझं’ म्हणेल, तिने त्या दिवशीचा चहाचा टोप घासायचा.

चहा चुलीवरचा. टोपाचं बूड काळंकुट्ट. त्यामुळे धम्माचं आचरण फार मनापासून सुरू झालं.

वस्तीतल्या बायकांनी बोलण्याच्या नवीनच तऱ्हा काढल्या. मावशीला दवाखान्यात जायचं होतं, तर म्हणाली, “हे शरीर उद्या मुरबाडला चाललंय, कुणाला काय आनायचं का?” आईंनी विचारलं, “शरीर एकटंच जातंय, का मालक बी संगं हाय?”

मावशी फसली नाही. “मालकच नाय ना गो,” म्हणाली, “तोच तर धडा हाय.”

* * *

तो टोप मुळात पुष्पाकाकींनी दान दिलेला. दुकानातच त्यावर नाव घालून आणलं होतं, काकांचं, स्वतःचं, आणि जागा उरली म्हणून नातवाचंही. अनात्म ऐकल्यावर काकींना ते नाव सलायला लागलं. चार दिवस झोप नीट नाही. शेवटी टोप घरी नेऊन विटेच्या तुकड्याने नाव घासघासून काढलं आणि परत आणून ठेवला.

सगळ्यांनी कौतुक केलं. बाबा तर म्हणाले, याला म्हणतात त्याग.

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या पाड्यातल्या पाहुण्या आल्या. काकी त्यांना विहार दाखवत होत्या. टोपापाशी आल्यावर म्हणाल्या, “ह्यो बगा. नाव नसलेला हाय ना, तोच माझा.”

घासलाही त्यांनीच.

* * *

घरी हा नियम नव्हता. पण आईंचं म्हणणं, सराव पाहिजे. एकदा सकाळी आमचे हे फॅक्टरीत निघाले, कंपनीची बस यायची वेळ झालेली. “आई, माझा डबा कुठाय?”

“डबा हाय,” आई शांतपणे म्हणाल्या, “पन तुझा आसा काय नाय.”

यांना वाटलं आज डबा केलाच नाही. तसेच गेले. डबा ओट्यावर, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघतोय. दुपारी आईंनी तो उघडला, भाकरी आणि बोंबलाची चटणी दोन ताटांत वाटली आणि म्हणाल्या, “बग, कुनाचा व्हता आन् कुनाच्या पोटात गेला.”

लग्नानंतर आम्ही दोघी तेव्हा पहिल्यांदा एकत्र हसलो. मला वाटतं, माझं हसणं त्यांनी ऐकलंही.

* * *

एक गोष्ट मात्र मला हसून सांगता येत नाही, जरी त्या दिवशी सगळे हसले.

बाबा समजावत होते, जगात काहीच एकटं नाही. भाताचं एक शीत घ्या. त्यात ऊन आहे, पाऊस आहे, माती आहे. “अजून काय हाय?”

बायका सांगत गेल्या. शेण. बैल. आता बैल कुठले, ट्रॅक्टर. गिरणीवाला.

आईंनी सगळा जन्म दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी केली आहे. त्या म्हणाल्या, “आन् माझी कंबर?”

मग मावशी हळूच म्हणाली, “माझी म्हनलीस गो.”

आईही सगळ्यांबरोबर हसल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि टोप घासायला गेल्या. मला मागे जायचं होतं. उठेपर्यंत दुसरीच कोणीतरी गेली. माझं असंच होतं.

* * *

आश्विनी पौर्णिमेला समारोप. खिरीचा मान यंदा पहिल्यांदा आईंकडे आला होता. त्या कितीतरी दिवस त्याच विचारात. दूध चार घरांतून जमवलं, तांदूळ स्वतः पाखडले. विहाराच्या मागे तीन दगडांवर काकींचा टोप चढला. पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या हजर. सबंध वर्षावासात एकदाही टोप न घासलेली त्यांच्यात मी एकटीच. ‘मी’ म्हणायला आधी बोलावं लागतं.

आईंना फुलं मांडायला आत बोलावलं. मी तिथेच मेणबत्त्या लावत होते. आईंनी खिडकीतून विचारलं, “ढवळतंय का गो कोन?”

बाहेरून आवाज आला, “ढवळनं चालू हाय.”

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. दुसरा आवाज, “चालूच हाय.” ‘मी ढवळते’ असं शेवटच्या दिवशी म्हणून कोण फसणार? वाचन सुरू झालं. बाया एकेक करून आत येऊन बसल्या. येताना प्रत्येकीने चुलीत एकेक लाकूड मात्र सारलं, विझायला नको म्हणून.

वास पहिल्यांदा बाबांना आला. वाचता वाचता थांबले.

सगळ्या मागे धावलो. वरची खीर काढून घेतली, ती बरी होती, थोडी धुरकट. पण तळाला दोन बोटं जाड काळा थर. आई हातात पळी धरून उभ्या. चेहरा उतरलेला. जिला तिला वाटत होतं, दुसरी कोणी ढवळते आहे.

बाबा पुढे झाले. आईंकडे बघून मोठ्याने म्हणाले, “ह्यात एकाचा दोष नाय. जाळ व्हता, वारा व्हता, प्रत्येकीचं लाकूड व्हतं. सगळ्यांच्या संयोगानं करपली.”

पुष्पाकाकींनी आपल्या टोपाच्या बुडाकडे पाहिलं. “संयोग टोप घासंल का? कोन हाय घासायला?”

सगळ्या पदर सारखे करायला लागल्या. आई खाली वाकल्या आणि चुलीतली राख हाताने ओढायला लागल्या.

मी त्यांच्या हातातली राख माझ्या हातात घेतली.

“उठा आई,” म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मी हाय ना.”