उमापूरच्या गाडीत धरलेली जागा

मी कोणत्याही पक्षात प्रवेश केलेला नाही. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे की आता ते एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवावे असे वाटते. वर्गात निबंध लिहवून घेताना मी मुलांना सांगत असे, आधी काय घडले ते लिहा, मग तुम्हाला काय वाटले ते लिहा. तोच क्रम मी इथे पाळणार आहे. जिथे पाळता येणार नाही, तिथे वाचकांनी समजून घ्यावे.

निवृत्तीनंतर आम्ही तिघे मित्र दर गुरुवारी सहलीला निघू लागलो. आमच्या घरच्यांना ‘सहल’ हा शब्द फार मोठा वाटतो, कारण आम्ही जातो ते अर्ध्या तिकिटावर, एस.टी.ने, आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो. कधी गोदाकाठचे एखादे गाव, एखाद्या वेळी थेट तेलगाव. पण बहुतेक गुरुवार उमापूरचे. तिथल्या पाराला कडुनिंबाची दाट सावली आहे आणि आमच्यातला एक जण त्याच रस्त्यावर राहतो.

तिघांत मी मराठीचा शिक्षक. दुसरे आप्पा. त्यांचे गेवराईत किराणा दुकान होते, ते आता मुलगा पाहतो. कपाळावर विभूती लावल्याशिवाय आप्पा उंबरा ओलांडत नाहीत आणि बोलतात इतके मोजके की दुकान कसे चालवले असेल याचे मला अजून आश्चर्य वाटते. तिसरे नाना. ऊस आणि कापूस पिकवणारे, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांचे गाव रस्त्यापासून थोडे आत आहे. आम्ही दोघे गेवराईच्या स्थानकात गाडीत चढायचो, तिघांचे बाक धरायचो आणि नाना वाटेत त्यांच्या फाट्यावर चढायचे.

पारावर बसले की वाचन सुरू होई. पद्धत ठरलेली होती. मी पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायचे, पुस्तक मिटायचे, मग तेच पान नानांनी आपल्या बोलीत सांगायचे. आप्पांनी ऐकायचे आणि काही गळले असेल तर तेवढे दाखवायचे. पारावर आलेले इतर लोकही ऐकत. मी वाचत असताना ते सभ्यपणे गप्प असत आणि नाना सांगू लागले की सरकून जवळ येत. हा फरक माझ्या लक्षात यायला वेळ लागला, याची मला लाज वाटते. सारी नोकरी मी ‘लई’, ‘हाय’, ‘न्हाई’, ‘गेलतो’ या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. परीक्षेपुरते ते आवश्यक होते, हे मी आजही मानतो. पण ज्या भाषेखाली मी रेघ ओढत होतो, त्या भाषेत माझे वाचलेले पान जिवंत होते, हे मला नानांनी शिकवले. ते शिकायला मला निवृत्त व्हावे लागले.

आता घडले ते.

निवडणुका जवळ आल्या होत्या. आम्ही पारावर बसलो होतो, पुस्तकात एक प्रवासी नदीकाठी नावेची वाट पाहत उभा होता, आणि तेवढ्यात पाराशी चार-पाच पांढऱ्या गाड्या थांबल्या. एका गाडीतून पुढारी उतरला. तो सरळ माझ्याकडे आला आणि वाकून पायाला हात लावला.

“गुरुजी, वळखलं का? आठवीला तुमच्याच वर्गात होतो.”

ओळखले. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि उत्तर येत नसताना पहिला हात वर करायचा. मी “बस, बस” म्हटले. तो बसला नाही. त्याने मागे हात केला, कुणीतरी त्याच्या हातात उपरणी दिली, आणि त्याने ती एकेक करून आमच्या तिघांच्या गळ्यात घातली.

वाचकांनी इथे थोडे थांबावे, कारण आमची चूक याच जागी झाली. बाहेरच्यांना ती चूक वाटणारही नाही. आमच्या भागात म्हातारा माणूस दिसला की त्याचा सत्कार करतात. शिक्षकदिनी, यात्रेत, लग्नात, दुकानाच्या उद्घाटनाला मी इतक्या शाली आणि उपरणी घेतली आहेत, की समोरच्याने कापडाची घडी मोडली की माझी मान आपोआप खाली जाते. आप्पांचीही गेली. नानांनी तर मुंडासे सावरून घेतले. मान खाली होती तेव्हा मी कापडाचा रंग पाहिला नाही. वर केली तेव्हा समोर पाच-सहा फोन होते.

आमच्या जिल्ह्यात पक्षात जायला अर्ज लागत नाही, सही लागत नाही. पुढाऱ्याने गळ्यात आपल्या रंगाचे उपरणे घातले आणि त्याचा फोटो निघाला, की प्रवेश झाला. हे मला ठाऊक होते. रोज वर्तमानपत्रात तसले फोटो पाहत होतो. तरीही मान वाकवली.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गेवराईच्या प्रत्येक फोनवर होता. खाली मजकूर होता: ज्येष्ठ गुरुवर्यांसह असंख्य कार्यकर्त्यांचा जाहीर पक्षप्रवेश. फोटोत आम्ही तिघे होतो. तीन ही संख्या मोजता येते.

दुसऱ्या दिवशी नानांचा मुलगा माझ्या घरी आला. तो विरुद्ध बाजूचा कार्यकर्ता, पंचायत समितीच्या उमेदवारीची आशा धरून बसलेला. चहा त्याने घेतला नाही.

“गुरुजी, तुमी पेन्शनवाले. तुमचं काय बिघडतंय? इकडं मला लोकं इचारायलेत, तुझा बाप तिकडं गेलाय, तुला तिकीट कावून द्यावं?”

“तुझे वडील कुठेही गेलेले नाहीत. ते नदीकाठच्या प्रवाशाची गोष्ट ऐकत होते.”

“फोटूत प्रवासी न्हाई दिसत, गुरुजी.”

तो जाताना म्हणाला, “आता ते गुरवारी येणार न्हाईत.” मग दारात थांबून पुढे म्हणाला, “एक मार्ग हाय. आमच्या सायबांचा कार्यक्रम हाय सोमवारी. तुमी तिघं या, आमचं उपरणं घ्या गळ्यात. एक फोटू. मंग आमचा म्हातारा तुमच्यासंगं काशीला गेला तरी मी न्हाई म्हणायचो न्हाई.”

म्हणजे अट स्पष्ट होती. मित्र परत हवा असेल तर आणखी एकदा मान वाकवायची. मी रात्रभर विचार केला असे लिहिणे शोभून दिसेल, पण ते खरे नाही. विचाराला तो फाटकापर्यंत जाईतोवरचा वेळ पुरला.

“अजाणता वाकलेली मान मी जाणूनबुजून दुसऱ्यांदा वाकवली,” मी म्हणालो, “तर पहिल्या वेळीही जाणूनच वाकवली होती असे ठरेल. मी येणार नाही.”

“मंग ऱ्हावा तसेच,” तो म्हणाला, आणि गेला.

गुरुवारी मी आणि आप्पा स्थानकात आलो. उमापूरची गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल किंवा पिशवी टाकून जागा धरायची, ही एस.टी.ची जुनी रीत आहे. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. तरी कापड पडले की ती जागा धरली गेली, हे भांडखोर माणूसही मानतो. फार तर कुरकुर करतो. माझ्या पिशवीत रुमाल होता. पण हाताला आधी ते उपरणे लागले. घरात ते कुठे ठेवावे हे न सुचल्याने मी ते पिशवीतच कोंबले होते. मी ते खिडकीतून आत टाकले. तिघांच्या बाकावर ते अंग पसरून पडले.

आम्ही दोघे बसलो. मधली जागा उपरण्याची.

“कुणाची जागा हाय?” एका गृहस्थाने विचारले.

“फाट्यावर चढणाऱ्याची.”

“पक्षात गेलाव म्हणं, गुरुजी?”

“गेलो नाही. पण पक्षाचा बसमध्ये जागा धरायला उपयोग होतो, हे कळले.”

मागच्या बाकावर दोघे-तिघे हसले. आप्पा खिडकीबाहेर पाहत होते. फाटा आला. गाडी थांबली. दोन बायका उतरल्या, कुणी चढले नाही. गाडी निघाल्यावर मी उपरणे उचलले आणि उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला ती जागा दिली. फाट्यापर्यंत ती नानांची. फाट्यानंतर ती कुणाचीही. माझा नियम इतकाच होता.

पारावर गेलो. पुस्तक उघडले नाही. आप्पा म्हणाले, “वाचा की.”

“आणि सांगणार कोण?”

आप्पांनी विभूतीवरून बोट फिरवले. “मला न्हाई जमायचं,” ते म्हणाले. आम्ही शेंगा खाल्ल्या आणि परत आलो.

असे सलग पाच गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी गाडीत बाजाराची गर्दी होती आणि एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. लोक माझ्याकडे पाहू लागले. उपरणे बसले आहे आणि लेकुरवाळी उभी आहे, हे त्यांना पटत नव्हते, आणि त्यांचे बरोबर होते. मी उठलो आणि तिला माझी जागा दिली. उपरणे हलवले नाही. अडुसष्टाव्या वर्षी वरची दांडी धरून फाट्यापर्यंत उभे राहिलो. कंडक्टर शेजारून जाताना म्हणाला, “गुरुजी, लई हट्टी हाव बघा तुमी.” त्याने हे तक्रार म्हणून म्हटले की कौतुक म्हणून, ते मी विचारले नाही.

चौथ्या आठवड्यात माझ्या त्या पुढारी विद्यार्थ्याचा फोन आला. कुणीतरी बाकावरच्या उपरण्याचा फोटो त्याला पाठवला होता.

“गुरुजी, कार्यकर्ते नाराज हायेत. त्या उपरण्याला मान हाय.”

“मी त्याचा अपमान केलेला नाही. जागा धरायला वापरतो.”

“पर जागा धरायला…”

“तू कशाला वापरतोस?”

तो म्हणाला, “तुमी आठवीत पन असंच बोलायचात.” मी त्याला सांगितले, की आमचा प्रवेश झाला नाही, हे त्याने त्याच फोनवर, त्याच लोकांना कळवावे. त्याने “बघतो” म्हटले. आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही. पण ‘नाही’ ऐकण्याची सवय मला आहे. मी सारी नोकरी वर्गात गृहपाठ झाला का, असे विचारले आहे.

याच काळात काही हितचिंतकांनी मला समजावले. निवडणूक होऊ द्या, मग सगळे निवळेल. मी त्यांना विचारी, निवडणूक झाल्यावर दुसरी येणार नाही काय? हल्ली इथे माणूस कुणासोबत बसला यावरून त्याचे सगळे ठरवतात. आडनाव विचारून मगच चहा सांगणारे लोक मी आता पाहतो. पूर्वी ते असे विचारणे लपवत तरी. अशा वेळी तीन म्हाताऱ्यांनी तीन घरांतून येऊन एका बाकावर बसणे, हे राजकारण ठरत असेल तर ठरो. त्या अर्थाने मी राजकारण करतो, आणि ते सोडणार नाही.

सहाव्या गुरुवारी गाडी फाट्यावर थांबली आणि नाना चढले.

त्यांच्या गळ्यात दुसऱ्या बाजूचे उपरणे होते. नानांनी पायरीवरच ते गळ्यातून ओढून काढले, हातात गोळा केले आणि बाकाशी आले. मधल्या जागेवरचे कापड पाहिले.

“हे कवापासून?”

“सहा गुरुवार,” आप्पा म्हणाले. ते क्वचितच माझ्या आधी बोलतात.

“आन् म्या मेलो असतो तर?”

“कळवलं असतं की कुणीतरी,” आप्पा म्हणाले.

नानांनी उपरणे उचलून त्याच कापडाने जागा झटकली आणि ते बसले. मग हातातल्या गोळ्याकडे पाहून म्हणाले, “पोराची अट हाय. घालून जा म्हणला, न्हाईतर फटफटीवर बशिवनार न्हाई. मी म्हणलं, बरं. फाट्यापस्तोर घातलं. फाट्याच्या पुढं त्याचं चालत न्हाई.”

“परत जाताना?” मी विचारले.

“जाताना मंग फाट्यावर घालीन. पोरगं हाय ते. रोज त्याच्याच घरात भाकर खातो.” ते माझ्याकडे वळले. “तुमी गुरुजी न्हाई वाकलाव, मला कळलं. मला वाकावं लागतं थोडं. चालंल का?”

या प्रश्नासाठी मी तयार नव्हतो. मला वाटत होते की नाना येतील तर ताठ मानेने येतील, आणि तेव्हाच आमचे म्हणणे सिद्ध होईल. पण माझी पेन्शन दर महिन्याला येते आणि माझ्या घरात उमेदवार नाही. माझ्या ताठ मानेला तेवढाच आधार होता, हे मी नानांच्या शेजारी बसून मान्य केले. “चालेल,” मी म्हणालो. “जागा धरलेली राहील.”

उमापूरच्या पारावर नानांनी दोन्ही उपरणी शेजारी शेजारी अंथरली आणि त्यांवर शेंगा ओतल्या. पारावर बसलेल्या एकाने फोन वर केला. “काढ की,” नाना म्हणाले, “शेंगा नीट येऊ दे.”

मी पुस्तक उघडले. खूण तिथेच होती. प्रवासी अजून नदीकाठी उभाच होता. मी पान वाचले आणि पुस्तक मिटले. नानांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि सांगायला सुरुवात केली.

“तर त्यो माणूस आला नदीवर. बघतो तर नाव न्हाई. म्हणला, बसावं. नाववाला कुठं जातंय, त्याला बी हिकडंच यायचं हाय…”

“हे शेवटचं पुस्तकात नव्हतं,” आप्पा म्हणाले.

मी आप्पांना गप्प बसायची खूण केली, आणि लोक सरकून जवळ आले.