तोंडात पाण्याचा घोट

नववीच्या मुलींना रडवणं मला चांगलं जमतं. सौदीत दम्माममधल्या एका इंडियन शाळेच्या मुलींच्या विभागात मी समाजशास्त्र शिकवते आणि कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा विषय दरवर्षी हट्टाने मागून घेते. आधी पडद्यावर लांब केसांच्या एका मुलाचा फोटो. मग तोच मुलगा, केस भादरलेला, गळ्यापर्यंत बटणं आवळलेला. मग आवाज खाली आणून सांगायचं की यांना आईपासून ओढून नेलं, नावं बदलली, आपली भाषा बोलली की मारलं, आणि कितीतरी मुलं घरी परत आलीच नाहीत. एवढ्यात पहिल्या बाकावर नाकं ओढायला सुरुवात होते. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी मी वर एक शहाणपणा केला. घरात कुणी वसतिगृहाच्या शाळेत राहिलं असेल तर त्यांना विचारून एक पान लिहून आणा, म्हटलं. कुणाचा काका पाचगणीला होता, कुणाचे वडील उटीला. उशांच्या मारामाऱ्या, मेसमधल्या कच्च्या पोळ्या, सगळ्या हसत होत्या. मग तिसऱ्या बाकावरची एक नवी मुलगी उठली. तिची आई इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स, एवढंच मला माहीत होतं. तिनं इंग्रजीत वाचलं, मी मराठीत सांगते.

आई आणि धाकटी मावशी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत होत्या. आई दहाची, मावशी सातची. पहिल्याच दिवशी दोघींचे केस कापले. तिथे एक बाई होत्या. घरची बोली बोलणाऱ्या मुलीला त्या पाण्याचा घोट तोंडात धरून तास संपेपर्यंत उभं करायच्या. गिळायचा नाही, सांडायचा नाही. मावशीला मराठी येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यात जास्त तीच उभी राहायची. तिला ताप आला, तिनं कुणालाच सांगितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेताना ती जीपमध्येच गेली.

ती पाण्याच्या घोटाची शिक्षा माझी होती. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं, मीच ती शोधून काढली होती. बावीस वर्षांची होते, पहिली नोकरी, बोडक्या डोंगरात ती शाळा, आणि त्या मुलांचं बोलणं कानावर आलं तरी माझं डोकं उठायचं. छडी मला आवडायची नाही. छडीचे वळ उठतात, आईबाप चालत चालत विचारायला येतात. पाण्याचे वळ उठत नाहीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा शांत वर्ग बघून शेरेबुकात दोन ओळी कौतुक लिहिलं होतं आणि मी त्या ओळी घरी पत्रातून कळवल्या होत्या.

वाचन संपलं तसा पुढच्या बाकावरून प्रश्न आला, मॅम, त्या टीचरचं पुढे काय झालं? तिला पनिशमेंट मिळाली का? सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, माहीत नाही, पुढचं कोण वाचतंय.

त्या पानांचं प्रदर्शन लागणार होतं. मुलींनी एकमताने तिचं पान निवडलं आणि मी ते गुपचूप काढून टाकलं. मुख्याध्यापिकेला सांगितलं की विषय फार खासगी आहे, पालकांना आवडणार नाही. तिनंही मान डोलावली. ती मुलगी प्रदर्शनाच्या दिवशी फळ्यावर आपलं पान शोधत दोनदा फिरली. मी दुसरीकडे बघत राहिले.

पंधरा दिवसांनी पालकांसाठी ओपन हाउस होतं. सकाळीच मी सर्दीचं निमित्त करून मास्क लावला. अंगभर काळा अबाया तर सगळ्यांनाच असतो, म्हटलं डोळ्यांवरून कोण ओळखणार, तेही तीस वर्षांनी. त्या मुलीची आई ड्यूटीवरून थेट आली होती, पायांत नर्सेसचे पांढरे बूट. मुलीला तिनं बाहेर बसवलं आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाई, मास्क काढा. तुम्हाला सर्दी झालेली नाही."

इथे मला कुणी बाई म्हणत नाही. मी मास्क काढला.

"ॲडमिशनच्या दिवशीच ओळखलं तुम्हाला," ती म्हणाली. शुद्ध, ठसठशीत मराठी. ते मीच शिकवलेलं.

"मुलीला माहीत आहे?"

"नाही. माहीत असतं तर ती तुमच्यासमोर उभी राहून वाचू शकली नसती."

मला वाटलं, आता ही ओरडेल, मुख्याध्यापिकेकडे जाईल, नोकरी गेली, नवऱ्याच्या रास तनुऱ्यातल्या तेल कंपनीत सगळ्यांना कळेल. शप्पथ सांगते, मेलेल्या पोरीचा विचार त्या क्षणी माझ्या मनातही नव्हता.

पण ती पुढे झुकून हळू आवाजात म्हणाली, "मला फक्त एक विचारायचंय. ताप आला त्या सकाळी प्रार्थनेला ती तुमच्या रांगेत होती. ती तुम्हाला काही बोलली होती का?" मग हातातली पिशवी नीट मांडीवर घेत म्हणाली, "आदल्या रात्री मी तिला मारलं होतं, बाई. बाईंसमोर आपली बोली बोललीस तर बघ, असा दम दिला होता. रोज तुम्ही तिला उभं करायचात, ते मला बघवत नव्हतं. म्हणून ती बोललीच नसेल. माझ्या धाकानं. तीस वर्षं मी हेच धरून बसलेय. एवढंच सांगा, ती बोलली होती का?"

बोलली होती. रांग सोडून माझ्याकडे आली होती, माझा पदर ओढला, कपाळाला हात लावून आपल्या बोलीत दोन-तीनदा काहीतरी म्हणाली. ते कळायला कुठली भाषा लागत नव्हती. मी तिचा गाल धरून तिला नळाकडे फिरवलं, तेव्हा तो गाल तव्यासारखा भाजत होता. तरी मी तिला तोंडात घोट धरायला लावला आणि तासभर उभं केलं.

एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर ही बाई मोकळी होऊन घरी गेली असती.

"नाही," मी म्हटलं. "काही बोलली नाही."

ती म्हणाली, "वाटलंच होतं मला." डोळे पुसले, प्रगतिपुस्तकावर सही केली आणि जाताना वाकून माझ्या पाया पडली. तेही मीच शिकवलेलं होतं, बाईंच्या पाया पडून जायचं. मी नको म्हटलं नाही.

तिची आता दूर हाइल शहरातल्या हॉस्पिटलात बदली झाली आहे. पालकांच्या यादीत तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे. यंदाही तो धडा मीच घेतला, मुली रडल्या, आणि मी फोन केलेला नाही.