मडगार्डला टायर घासतंय

जुन्या फियाटला कुठलं टायर न घासता बसतं, हे अख्ख्या सोलापुरात माझ्याएवढं कुणाला कळत नाही! तीन वेळा चुकीचं घेतलं, चौथ्या वेळी रशीदभाईनं हातातून हिसकावून घेतलं, तेव्हा कळलं.

माझं शिक्षण सातवी. तीही दोनदा. पण अक्कलकोट रोडला रशीदभाईच्या टायरच्या दुकानापुढं जो बाक आहे ना, त्यावर पस्तीस वर्षं बसलोय. तिथं किस्से कसे साठतात, माहितीय? दुकानामागच्या गुळगुळीत टायरांसारखे. कुणी विकत नेत नाही आणि आपल्याच्यानं टाकवत नाहीत.

* * *

पहिला माझाच सांगतो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मी दीड बोट जास्त रुंद टायर घातले. शुक्रवार पेठेतल्या घरापुढं गाडी आणली आणि बायकोला म्हटलं, "बस, चक्कर मारू."

गल्लीच्या कोपऱ्यावर स्टेरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या मडगार्डमधून आवाज आला, घर्रर्र! झोपलेली कुत्री उठून पळाली. बायको पदर सावरत शांतपणे म्हणाली, "अहो, मग आता फक्त मोहोळलाच जायचं का? तेवढाच रस्ता सरळ हाय!"

* * *

आमचे गुरुजी गणिताचे मास्तर. बाकावरचा एकमेव शिकलेला माणूस. त्यांची अँबेसेडर होती. ते म्हणाले, "तुम्ही अंदाजानं घेता, म्हणून फसता." त्यांनी गाडी जॅकवर उचलली, शिंप्याचा टेप लावला, वहीत आकृती काढली आणि चार बोटं जागा आहे असं सिद्ध केलं. टायर घातले. जॅक उतरवला. गाडी आपल्या वजनानं खाली बसली आणि मडगार्ड टायरवर अलगद टेकलं!

गुरुजी वहीकडं बघतायत, आम्ही गुरुजींकडं. रशीदभाई म्हणाला, "गुरुजी, हवेत सगळंच बसतंय की. मोजायचं असतंय जमिनीवर!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बॉनेटला त्याच टेपाचा हार घातला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

रशीदभाईची पक्की परीक्षा चुन्याची. टायरच्या कडेला ओला चुना लावायचा, गाडीत माणसं ठासून भरायची, स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गाडी गतिरोधकावरून न्यायची. मडगार्डच्या आत पांढरा डाग दिसला की टायर परत.

चादरीवाल्या नरसय्याच्या फियाटला भरायला माणसं हवी होती. त्याच्या सासरची मंडळी नुकतीच गावाहून आलेली. चांगली वजनदार! मी म्हटलं, "चला, सोलापूर दाखवतो." चौघांना मागं कोंबलं आणि एकच गतिरोधक सात वेळा दाखवला.

खाली उतरल्यावर सासूबाई तेलुगूत काहीतरी बोलल्या. नरसय्या मान खाली घालून म्हणाला, "विचारत्यात, सोलापुरात बघण्यासारखं एवढंच हाय काय?"

* * *

आता बाकावर जागाच जागा. गुरुजी मुलीकडं पुण्याला गेले. नरसय्या देवाघरी गेला. माझ्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. घरात मी, दारात फियाट. आणि नेमके आत्ताच टायर असे बिनचूक बसले, की दुकानात जायला कारणच उरलं नाही!

रशीदभाई दुकानात असतो, पण कारभार आता त्याचा मुलगा इम्रान बघतो. पोरगा कामाचा आहे, पण नुसतं बसलेलं माणूस त्याला खपत नाही. "चाचा, काम हाय का?" म्हणतो. नाही म्हटलं, की त्या बाकावर गिऱ्हाईक बसवतो. मग मी आपला घरी. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. समोर मेथीचा ढीग दिसत असताना भाजीवालीला विचारायचो, "मावशी, मेथी हाय का?" तेवढंच बोलणं.

मग मीच काम तयार केलं. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि डिंक लावून मडगार्डच्या आत चिकटवली. टायर फिरलं की तिला घासायचं, फर्र फर्र. आठवड्यातून तीनदा तरी दुकानात. "रशीदभाई, घासतंय रे!"

तो गुडघे धरत खाली वाकायचा, टॉर्च मारायचा, आत हात घालून चाचपायचा. मग उठून म्हणायचा, "आज कळंना, तात्या. परवा आण, बघू." आणि दोन चहा सांगायचा. पाच महिने! आयुष्यात लई जणांना फसवलं, पण एवढी लांबलेली थट्टा पहिलीच. मी घरी जाताना एकटाच हसायचो.

गेल्या बुधवारी इम्रान म्हणाला, "चाचा, बास झालं. आत्ताच चाक काढून बघतो. आज हे एकदाचं मिटवूनच टाकतो." आणि तो जॅक आणायला आत गेला.

पट्टी सापडली, की बाक गेला. बाक गेला, की मग राहिलीच कुठली जागा जायला? मी रस्त्यावर तसाच गुडघ्यावर बसलो, मडगार्डमध्ये हात घातला आणि पट्टी ओढली. निघेना! दोन्ही हातांनी ओढली. डिंकानं लावलेला ट्यूबचा तुकडा, पण पत्र्याला कातडीसारखा बसलेला!

मागं गुडघ्यांचा कटकट आवाज आला. रशीदभाई माझ्या शेजारी खाली बसला. आत जॅक ओढल्याचा आवाज येत होता. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला,

"ओढू नको. तुझी पट्टी पहिल्याच आठवड्यात सुटली होती, पंक्चरचं सोल्युशन लावून मीच पक्की बसवलीय. एवढी वर्षं टायरच्या दुकानात बसलास, तात्या, अन् रबराला डिंक लावतोस व्हय?"